स्वस्त बंदुकीचा भरवसा

1907 साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या जत्रेच्या मैदानावर अ‍ॅडॉल्फ टॉपरवाइन नावाचा नेमबाज दहा दिवस एकच उद्योग करत उभा होता. मदतनीस सव्वादोन इंची लाकडी ठोकळे हवेत भिरकावत आणि तो ते जमिनीवर पडायच्या आत टिपत असे. एकूण 72,500 ठोकळे उडाले, त्यांतले 9 हुकले. त्याच्या खांद्याचं आणि डोळ्यांचं कौतुक अमेरिकेत पुढे पन्नास वर्षं होत राहिलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच्या हातातल्या रायफलींनी जे केलं ते तितक्याच तोलाचं होतं. विंचेस्टरच्या 1903 मॉडेलच्या त्या रायफलींना प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस आपोआप नळीत ढकलायचं होतं, तेही हजारो वेळा. टॉपरवाइन विंचेस्टरचाच पगारी माणूस होता, तेव्हा हा सगळा जाहिरातीचा खेळ होता हे उघड आहे. तरी जाहिरातीसाठी का होईना, बंदुकीची अशी जाहीर परीक्षा त्याआधी क्वचितच कुणी घेतली असेल.

हा विक्रम मोडला तो 1959 मध्ये. टॉम फ्राय हा रेमिंग्टन कंपनीचा माणूस. त्यानं 13 दिवसांत 1,00,010 ठोकळ्यांवर नेम धरला आणि त्याचे फक्त 6 ठोकळे हुकले. त्याच्या हातात होती नायलॉनची बंदूक. तिच्याकडे पुढे यायचंच आहे.

या प्रस्तावनेचा विषय म्हणजे या दोन विक्रमांमागचं यंत्र: .22 बोअरची अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, पुढचं काडतूस बंदूक स्वतःच भरून घेते, दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत पोराच्या हाती पहिली बंदूक येते ती बहुधा हीच. डबे-बाटल्यांवर नेम धरायला, खारी-सशांच्या शिकारीला, शेतातल्या उपद्रवी प्राण्यांना हाकलायला तीच वापरतात. मराठी वाचकाला हे काडतूस अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं, ते याच .22 लाँग रायफल काडतुसावर. फक्त त्यांच्या रायफली एकेक काडतूस हातानं भरण्याच्या, किमतीनं आणि नखऱ्यांनीही वेगळ्या जातीच्या. इथे बोलायचं आहे ते त्यांच्या गरीब, गर्दीतल्या भावंडांविषयी, म्हणजे दुकानाच्या भिंतीवर रांगेनं टांगलेल्या, काही हजार नव्हे तर लाखोंनी खपलेल्या रायफलींविषयी.

या बंदुकांच्या भरवशाची चर्चा बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. अमुक कंपनीचं पोलाद चांगलं, तमुकची नळी सरस, असं लोक बोलत राहतात. खरी अडचण काडतुसात आहे.

.22 लाँग रायफल हे काडतूस 1887 मध्ये जे. स्टीव्हन्स या अमेरिकन कंपनीनं आणलं. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टिकली बसवलेली असते आणि फायरिंग पिन तिच्यावर आदळते. रिमफायरला अशी टिकली नाही. पितळी पुंगळीच्या बुडाची कड पोकळ दुमडलेली असते, तिच्यात पेट घेणारा मसाला असतो आणि पिन ती कडच चिरडते. कारखान्यात ओला मसाला पुंगळीत टाकून पुंगळी गरगर फिरवतात, म्हणजे तो कडेत जाऊन बसतो. कडेचा एखादा भाग कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथंच आदळली की फुसका बार. जाणकार मग बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून थोडा वेळ थांबतात, ते काडतूस बाहेर काढतात, जरा फिरवून पुन्हा भरतात आणि पुष्कळदा दुसऱ्या ठोक्याला ते उडतं. दोष पिनचा नव्हता, हे तेव्हा कळतं.

कड चिरडली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पितळ पातळ, म्हणून आतला दाबही बेतानंच ठेवावा लागतो. अमेरिकी उद्योगानं त्याची मर्यादा चौरस इंचाला 24,000 पौंड अशी धरली आहे. आता याच मर्यादित ताकदीवर बंदुकीला स्वतःला भरून घ्यायचं असतं. या रायफलींत बोल्टला, म्हणजे नळीचं बूड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, कुलूप नसतं. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्याच बळावर तो नळीचं बूड दाबून धरतो. बार उडाला की पुंगळीच त्याला मागं ढकलते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि परतताना बोल्ट नवं काडतूस उचलतो. काडतूस मवाळ असेल तर बोल्ट पुरता मागं जात नाही, पुंगळी दारातच अडकते. बोल्ट जड केला तर मवाळ काडतुसाला तो हलत नाही, हलका केला तर तिखट काडतुसाला फार लवकर उघडतो. या चिमट्यातून सुटका नाही. 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅमची ती गोळी उघड्या शिशाची, तिच्यावर मेणाचा पातळ लेप. मेण, शिसं आणि जळक्या मसाल्याची राख यांचा काळा चिकट थर बोल्टच्या तोंडावर, चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या, कडेवर आणि मॅगझिनच्या आत साचत जातो. दोनशे-तीनशे बार झाल्यावर बोट फिरवून पाहिलं तर तव्यावरच्या काजळीसारखं हाताला लागतं. वर पुंगळीची कड बाहेर आलेली. सरळ मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागं अडकली की सगळी रांग ठप्प.

तेव्हा चांगली .22 अर्धस्वयंचलित रायफल कोणती, याचा अर्थ एवढाच होतो की या मेणकट, मऊ, कडेनं अडखळणाऱ्या काडतुसाला कुणी कसं सांभाळून घेतलं.

विंचेस्टरच्या थॉमस क्रॉसली जॉन्सननं 1903 मध्ये पळवाट काढली. त्या काळी बाजारात काळ्या दारूची .22 काडतुसं सर्रास मिळत आणि त्यांच्या राखेनं ही यंत्रणा लगेच तुंबली असती. मग कंपनीनं या बंदुकीसाठी धूरविरहित दारूचं स्वतःचं वेगळं काडतूसच काढलं, जेणेकरून गिऱ्हाईकाला दुसरं घालताच येऊ नये. युक्ती बिनतोड होती, पण गिऱ्हाईक कायमचं एका डब्याला बांधलं गेलं. 1933 मध्ये आलेल्या मॉडेल 63 नं हा प्रकार बंद करून साधं .22 लाँग रायफल स्वीकारलं. जॉन ब्राउनिंगची नाजूक, दोन तुकड्यांत सुटणारी, रिकाम्या पुंगळ्या खालून टाकणारी रायफल बेल्जियममध्ये 1914 पासून बनू लागली. देखणेपणात तिच्याशी बरोबरी करणारी .22 आजही सापडायची नाही. पण किमतीच्या दृष्टीनं ती कधीच गरिबाची नव्हती, म्हणून तिला इथेच नमस्कार.

आता नायलॉन. रेमिंग्टनची मालकी डु पॉन्ट या रसायन कंपनीकडे होती आणि नायलॉन 66 हा पदार्थ डु पॉन्टच्याच प्रयोगशाळेत 1935 मध्ये जन्मला होता. लाकडी दस्ता कोरणं, घासणं, रंगवणं यात पैसा जातो. तो साच्यात ओतता आला तर? रेमिंग्टनच्या अभियंत्यांनी नुसता दस्ता नव्हे, बंदुकीचा मधला गाभाच नायलॉनचा केला आणि वरून पत्र्याचं आवरण बसवलं, म्हणजे ती लोखंडी दिसावी. बोल्ट थेट नायलॉनवर सरकतो. तेल लागत नाही, आणि खरं तर घालूही नये. तेल नाही म्हणून मेण आणि राख धरून ठेवणारं काही नाही, आणि कडाक्याच्या थंडीत गोठणारंही काही नाही. अलास्कात ती लोकप्रिय झाली ती याच कारणानं. मॉडेलचं नाव पदार्थाचंच ठेवलं: नायलॉन 66. सुमारे 4 पौंड वजन, दस्त्यातल्या नळीत 14 काडतुसं. प्लॅस्टिकची बंदूक कोण घेणार, ही धास्ती विकणाऱ्यांना होतीच, आणि फ्रायचे लाखभर ठोकळे हे त्या धास्तीला दिलेलं उत्तर होतं. दहा लाखांहून जास्त नग विकून ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. एक गोष्ट मात्र जुने मालक आवर्जून सांगतात: ती पुरती खोलू नका. आतल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या परत जागेवर बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

त्याच सुमारास, 1960 मध्ये, कनेक्टिकटच्या मार्लिन कंपनीनं मॉडेल 60 बाजारात आणलं. खपाच्या हिशेबात या घराण्यातली हीच थोरली: 1 कोटी 10 लाखांहून जास्त नग. तिच्यात नवलाचं काही नाही आणि तिचं यश त्यातच आहे. नळीखाली लांब पितळी मॅगझिन. आतली कांडी वर ओढायची, खाचेतून काडतुसं एकामागून एक सोडायची, कांडी परत बसवायची. सुटं मॅगझिन नाही, म्हणजे हरवायला, वाकायला, विसरायला काही नाही. काडतुसं एकामागं एक आडवी झोपलेली, त्यामुळे कडेत कड अडकण्याचा प्रश्नच मिटला. नळीत मार्लिनचे 16 उथळ आटे. ही रायफल स्वस्त असूनही नेमाला इतकी खरी कशी, असा प्रश्न पडणाऱ्यांना त्यातलं काही श्रेय त्या नळीला द्यावं लागतं. हीच बंदूक ग्लेनफील्ड या हलक्या नावानंही विकली जाई, आणि त्या दस्त्यावर कोरीव कामाच्या जागी दाबून उमटवलेली खार असे. काहींना ते बाजारू वाटतं. पण ज्या माणसासाठी ती बनली होती त्याला खारच मारायची होती, तेव्हा यापेक्षा प्रामाणिक नक्षी दुसरी कुठली असणार!

मॉडेल 60 चे दोष लपवण्यासारखे नाहीत. भरताना हात नळीच्या तोंडाजवळ जातो आणि नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावं लागतं. मागं येणाऱ्या बोल्टचा धक्का झेलायला आत एक छोटा प्लॅस्टिकचा बफर आहे. तो वर्षांनुवर्षांत ठिसूळ होतो, तुटतो आणि त्याचे तुकडे यंत्रणेत फिरू लागतात. 'ही बंदूक अचानक अडकायला लागली' या तक्रारीमागे बरेचदा तोच बफर किंवा तीस वर्षांत एकदाही न झालेली सफाई असते. खोलायला जावं तर दोन पत्र्यांमध्ये स्प्रिंगांचा संसार, त्यातली एखादी हमखास उडून कपाटाखाली जाते.

रुगर कंपनीच्या बिल रुगरनं 1964 मध्ये 10/22 ही रायफल काढली तेव्हा बाजारात या दोघी आधीच होत्या. त्यानं आणि त्याचा अभियंता हॅरी सेफ्रिडनं मॅगझिनपासून सुरुवात केली, हे विशेष. दहा काडतुसांचं ते मॅगझिन आडव्या फिरत्या चक्राचं आहे. ही कल्पना सॅव्हेज 99 आणि मानलिकर-शोनावर या जुन्या रायफलींत आधी होतीच. प्रत्येक काडतुसाला चक्रात आपली वेगळी खाच, म्हणजे कड कडेला भिडतच नाही. काडतुसाला चेंबरची वाट दाखवणारे पोलादी ओठ मॅगझिनमध्येच आहेत. ते झिजले की नवं मॅगझिन आणायचं, बंदुकीला हात लावायचा नाही. शिवाय सगळं दस्त्याच्या पोटात मावतं, बाहेर काही लोंबत नाही. किंमत होती साडेचोपन्न डॉलर. रुगरच्याच .44 कार्बाइनचं रूपडं तिला दिलेलं, त्यामुळे ती पोराटोरांची बंदूक वाटत नव्हती, आणि बापांनीही स्वतःसाठी घेतली.

दुसरी गोष्ट रुगरच्या ध्यानीमनी होती की नाही कोण जाणे. नळी एका ठोकळ्यानं आणि दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. चापाचा सगळा संच दोन आडव्या पिना काढल्या की हातात येतो. कारखान्यात जुळणी सोपी व्हावी म्हणून केलेली ही सोय गिऱ्हाईकाच्या हाती पडली आणि सुट्या भागांचा एक समांतर धंदाच उभा राहिला: जाड नळ्या, हलके चाप, वेगळे दस्ते, शेवटी अख्खे रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचे मधले गाभेच. आज रुगरचा एकही भाग नसलेली '10/22' जुळवता येते. आपल्याकडच्या बजाज चेतकसारखी तिची गत आहे. प्रत्येक गल्लीत तिचा मिस्त्री आणि प्रत्येक दुकानात तिचा खुर्दा. मूळ बंदूक निर्दोष आहे म्हणून हे घडलं असं मुळीच नाही. कारखान्यातून येणारा चाप जड, शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही, रिसीव्हरला मागून भोक नसल्यानं नळी तोंडाकडूनच पुसावी लागते. दुरुस्त करता येण्याजोग्या दोषांचं माणसाला फारसं काही वाटत नाही, आणि इथे दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

रिमफायर काडतुसाशी नीट समझोता न करता रायफल काढली की काय होतं, त्याचं उदाहरण ताजं आहे. 2002 मध्ये .17 एचएमआर हे जास्त वेगाचं रिमफायर काडतूस आलं आणि बोल्ट हातानं ओढायच्या रायफलींत ते गाजलं. रेमिंग्टननं आपली 597 अर्धस्वयंचलित त्यासाठी काढली. 2009 मध्ये कंपनीला त्या रायफली परत बोलवाव्या लागल्या. काडतूस पुरवणाऱ्यानंच सांगितलं होतं की ते अर्धस्वयंचलित बंदुकीला योग्य नाही. नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर थोपवलेला बोल्ट त्या दाबाला फार लवकर उघडत होता. सॅव्हेजनं 2015 मध्ये ए17 आणली तेव्हा बोल्ट क्षणभर अडवून धरणारी खुंटी तिच्यात घातली, आणि मग गाडी रुळावर आली.

भरवशाबद्दल इतकं बोलून झाल्यावर किमतीकडे वळलं तर दिसतं की बंदुकीची किंमत हा त्यातला लहान आकडा आहे. साधी .22 आणि तिची दुर्बीण मिळून जेवढे पैसे जातात, त्याहून जास्त पैसे पुढच्या काही वर्षांत काडतुसांत जातात. ही बंदूक परवडते ती तिचं काडतूस मोठ्या काडतुसांच्या मानानं कवडीमोल आहे म्हणून. 2013 मध्ये अमेरिकेत लोकांनी घाबरून साठेबाजी केली आणि .22 ची फडताळं महिनोन् महिने रिकामी राहिली, तेव्हा हे प्रत्येक मालकाला टोचलं. पाचशे-सव्वापाचशेचे सुट्या काडतुसांचे सर्वात स्वस्त डबे घ्यायचे आणि मग बंदूक अडकते म्हणून कंपनीला शिव्या घालायच्या, ही या छंदातली जुनी रीत आहे. नवी बंदूक पहिल्यांदा चालवताना सीसीआय मिनी-मॅगसारखं जरा तिखट, एकसारख्या दर्जाचं काडतूस वापरावं. तेही अडकलं तरच बंदुकीवर संशय घ्यावा.

कायद्याच्या नजरेत मात्र या बंदुकीची किंमत सरहद्दीगणिक बदलते. ब्रिटननं 1988 मध्ये अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, पण .22 रिमफायरला वगळलं. न्यूझीलंडनं 2019 मध्ये ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर तोच मार्ग धरला आणि दहा काडतुसांपर्यंतच्या मॅगझिनची .22 चालू ठेवली. ऑस्ट्रेलियानं 1996 मध्ये तिलाही कचाट्यात घेतलं. तिथे ती मुख्यतः शेतकऱ्यांसारख्या सिद्ध गरज असणाऱ्यांनाच मिळते. भारतात सर्वसाधारण परवान्यावर अशी रायफल मिळत नाही. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .22 स्पोर्टिंग रायफल बोल्ट हातानं ओढायची आहे. ज्यांना ही सगळी सावधगिरी अतिरेकी वाटते त्यांनी काडतुसाचा डबा उलटून पाहावा. दीड मैलापर्यंत धोका, असा इशारा त्यावर छापलेला आढळतो. रॉबर्ट केनेडींचा 1968 मध्ये जीव गेला तो .22 च्या रिव्हॉल्वरनंच. खेळणं म्हणून विकली गेली तरी ही वस्तू खेळणं नाही.

मार्लिन कंपनी 2007 मध्ये रेमिंग्टनच्या छत्राखाली गेली, 2020 मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं आणि मार्लिनचं नाव व यंत्रसामग्री सुमारे 3 कोटी डॉलरना विकत घेतली ती रुगरनं. मॉडेल 60 चं उत्पादन त्या गडबडीत थांबलं. तरी कोटभर नग लोकांच्या घरात आहेत आणि गहाणवटीच्या दुकानांतून त्या सतत बाहेर येत असतात. अशी जुनी मार्लिन घेणाऱ्यानं दोन गोष्टी पाहाव्यात: नळीचं तोंड गजानं घासून झिजलेलं नाही ना, आणि आतला बफर शाबूत आहे का. बफर गेलेला असेल तर घासाघीस करून भाव पाडून घ्यावा. नवा बफर छोटे कारखानदार बनवून विकतात आणि तो काही डॉलरांत मिळतो. वर्षाकाठी हजारो बार काढणाऱ्यानं, स्पर्धेत उतरणाऱ्यानं किंवा बंदूक खोलून बदलत राहण्यातच ज्याला गोडी आहे त्यानं 10/22 घ्यावी, तिथे दुमत व्हायचं कारण नाही. बाकीच्यांना, म्हणजे ज्यांना वर्षातून चार-सहा वेळा कुंपणापलीकडे नेम धरायचा आहे त्यांना, ठाकठीक केलेली जुनी मार्लिन निम्म्या पैशांत तेवढंच काम देईल, आणि नेम बहुधा कांकणभर जास्तच खरा लागेल.